के-५ रेल्वे तोफेची प्रतिकृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन के-५ या रेल्वे तोफेची १:३५ प्रमाणातील प्रतिकृती मी पुण्यात, कोथरूडच्या घरी, सुमारे अडीच वर्षांत पूर्ण केली. त्यापूर्वी याच तोफेची १:७२ प्रमाणातील लहान प्रतिकृती मी बनवली होती. त्या पाहायला आलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

रेल्वे तोफ म्हणजे नेमके काय? ती रुळांवर का ठेवावी लागली?

वजनामुळे. शंभर-दोनशे टनांची तोफ रस्त्यावरून ओढून नेता येत नाही. रस्ता खचतो, पूल कोसळतो. लोहमार्ग मात्र मुळातच मोठे वजन सहन करण्यासाठी बांधलेला असतो. अमेरिकी यादवी युद्धात, १८६२ मध्ये, रिचमंडच्या परिसरात दक्षिणेच्या सैन्याने एक नौदलाची तोफ चिलखती वाघिणीवर (मालगाडीच्या डब्यावर) चढवून लढाईत आणली होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिका या सर्वांनी अशा तोफा वापरल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने आणि क्षेपणास्त्रे यांच्यापुढे त्या कालबाह्य झाल्या.

रुळांनाही मर्यादा असते, आणि ही मर्यादा कळली की तोफेचा आकार आपोआप कळतो. के-५ चे वजन २१८ टन. ते १२ आसांवर (चाकांच्या जोड्या ज्यांवर बसतात त्या दांड्यांवर) वाटले, तर प्रत्येक आसावर साधारण १८ टन येतात. आपल्याकडे कोळसा वाहणारी बॉक्सएन वाघीण मुळात प्रत्येक आसावर २०.३२ टन या हिशोबाने आखलेली आहे. म्हणजे ही अवाढव्य तोफ प्रत्येक आसामागे भरलेल्या मालगाडीहून हलकीच होती, आणि म्हणूनच ती साध्या मार्गावरून कोठेही नेता येत असे. प्रतिकृती करणाऱ्याने ही गोष्ट सुरुवातीलाच मनावर घ्यावी. एवढी लांबी, एवढी चाके आणि पुढे-मागे दोन बोग्यांवर (चाकांच्या सांगाड्यांवर) पुलासारखा टाकलेला तो तोफगाडा, हे सर्व वजन वाटून देण्यासाठी आहे. ते वजन चाकांतून रुळांवर उतरल्यासारखे दिसले, तरच प्रतिकृती साधली असे मी मानतो.

इतक्या रेल्वे तोफा असताना के-५ च का निवडावी?

पहिले कारण असे की तिची माहिती मिळते. क्रुप कारखान्याने १९३० च्या दशकात तिची रचना केली आणि सुमारे २५ तोफा बनल्या. त्यांपैकी दोन आजही उभ्या आहेत. एक फ्रान्सच्या किनाऱ्यावर ऑडिंगेन येथील संग्रहालयाच्या आवारात, तर दुसरी अमेरिकेत. अमेरिकेतील तोफ म्हणजे प्रसिद्ध ‘लिओपोल्ड’. इटलीतील अँझिओ येथे १९४४ मध्ये दोस्त सैन्यावर मारा करणाऱ्या ‘रॉबर्ट’ आणि ‘लिओपोल्ड’ या दोन तोफांना समोरच्या सैनिकांनी मिळून ‘अँझिओ ॲनी’ हे एकच नाव दिले होते. मारा करून त्या बोगद्यात परत जात, त्यामुळे विमानांना त्या सापडत नसत. जून १९४४ मध्ये त्या चिव्हितावेक्क्या येथे अमेरिकी सैन्याच्या हाती लागल्या. त्यांपैकी लिओपोल्ड समुद्रमार्गे मेरीलँडमधील ॲबर्डीनच्या चाचणी मैदानावर नेली गेली आणि बऱ्याच वर्षांनी व्हर्जिनियात हलवली गेली.

दुसरे कारण आकाराचे आहे. अनेकांना थेट ‘डोरा’ बनवायची इच्छा असते. ८० सेंटिमीटर व्यासाची, १,३५० टनांची आणि ४० आसांची ही तोफ जून १९४२ मध्ये सेव्हस्तोपोलच्या वेढ्यात ४८ वेळा डागली गेली. तिच्या एका आसावर जवळपास ३४ टन येत असल्याने तिला शेजारी शेजारी टाकलेले दोन मार्ग लागत, आणि ती जागेवर आणून जोडायला प्रचंड मनुष्यबळ लागे. १:३५ प्रमाणात ती सव्वा मीटरहून लांब होते. पहिल्याच प्रयत्नात एवढे अंगावर घेऊ नये, असे मी कळकळीने सांगेन. ब्रिटिशांची १८ इंची हॉवित्झर (गोळा उंच कमानीत फेकणारी आखूड तोफ) हाही उत्तम विषय आहे. ती पोर्ट्समथजवळच्या फोर्ट नेल्सन येथे पाहायला मिळते.

कोणते प्रमाण घ्यावे?

आधी घरातील कपाट मोजावे आणि मग प्रमाण ठरवावे. के-५ ची नळी साडेएकवीस मीटर लांब आहे आणि पूर्ण तोफ तीस मीटरच्या आसपास. १:३५ मध्ये एकटी नळी ६१५ मिलिमीटर होते आणि तोफेला ८५ ते ९० सेंटिमीटर जागा लागते. खाली रुळांचा तुकडा टाकला, तर मीटरभर धरून चालावे. १:७२ मध्ये नळी ३० सेंटिमीटरची आणि पूर्ण तोफ ४२-४३ सेंटिमीटरची होते, जी पुस्तकांच्या फडताळात मावते. १:८७ हे प्रमाण रेल्वेच्या प्रतिकृती जमवणाऱ्यांचे. कोथरूडमध्येच भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याच प्रमाणातील गाड्या परिचित असतील. त्यात के-५ सुमारे ३५ सेंटिमीटरची होते.

माझे मत विचाराल, तर पहिली तोफ १:७२ मध्ये करावी. चुका स्वस्तात होतात आणि दुसरी तोफ करायचा हुरूप टिकतो.

किट (सुट्या भागांचा तयार संच) घ्यावे की सर्व भाग स्वतः बनवावेत?

हासेगावा कंपनीचे १:७२ मधील किट अनेक दशकांपासून प्रचलित आहे. १:३५ मध्ये ड्रॅगन आणि ट्रम्पिटर या दोन्ही कंपन्यांची किटे निघाली आहेत. मात्र आपल्याकडे खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले, आणि अशी किटे बहुधा त्याच गटात मोजली जात असल्याने मोठे किट मागवणे मध्यमवर्गीय खिशाला परवडेनासे झाले. म्हणून मी मधला मार्ग घेतला. लहान तोफ किटमधून केली, तिचा प्रत्येक भाग जोडण्यापूर्वी व्हर्नियरने मोजून वहीत उतरवला, आणि त्या मापांना ७२ ने गुणून ३५ ने भागून मोठ्या तोफेचे आराखडे काढले. किटमधील चुका मोठ्या तोफेत येऊ नयेत म्हणून मुख्य मापे उपलब्ध छायाचित्रांशी आणि छापील आकड्यांशी पडताळून घेतली.

छायाचित्रावरून माप कसे काढावे?

चित्रात एखादी अशी वस्तू शोधावी जिचे माप आपल्याला ठामपणे माहीत आहे. रेल्वे तोफेच्या बाबतीत ती वस्तू म्हणजे रूळच. युरोपातील प्रमाण मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर असते. तोफ समोरून घेतलेल्या छायाचित्रात हे अंतर पट्टीने मोजावे, आणि त्याच पातळीतील इतर भागांची रुंदी त्रैराशिकाने काढावी. ‘त्याच पातळीतील’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रुळांच्या मागे पाच मीटरवर असलेली वस्तू लहान दिसते, आणि तिला हाच हिशोब लावला तर माप चुकते.

पुण्यातील मंडळींसाठी येथे एक सूचना. आपल्या डोळ्यांना सवय आहे ती १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉड गेजची. त्यामुळे अंदाजाने मार्ग टाकला की तो हमखास रुंद होतो आणि तोफ त्यावर पोरकी दिसते. प्रमाण मार्ग प्रत्यक्ष कसा दिसतो हे पाहायचे असल्यास पुणे मेट्रोचे रूळ पाहावेत. ते १,४३५ मिलिमीटरचेच आहेत. १:३५ मध्ये हे अंतर ४१ मिलिमीटर आणि १:७२ मध्ये जवळपास २० मिलिमीटर भरते.

साहित्य पुण्यात मिळते का?

बहुतेक सर्व मिळते. पितळी नळ्या, पट्ट्या, तार, बारीक स्क्रू, कानशी आणि ड्रिलचे बिट यांसाठी रविवार पेठ आणि बोहरी आळी पुरेशी आहे. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांसाठी माल ठेवणाऱ्या दुकानांत पांढरे पॉलिस्टिरिनचे पत्रे अर्धा मिलिमीटरपासून पुढच्या जाडीत मिळतात. तेथे हमखास पुढे केला जाणारा सनबोर्ड मात्र घेऊ नये. तो आतून फेसाळ असतो, त्याची कड धारदार निघत नाही, आणि पोलादाचा भास होण्यासाठी धारदार कड हवीच.

पॉलिस्टिरिनसाठी पातळ सिमेंट, धातूसाठी हळू जमणारे अराल्डाइट, आणि फक्त टेकू देण्यापुरते फेव्हिक्विक, एवढे तीन चिकटपदार्थ पुरतात. फटी भरायला मोटारीच्या रंगकामाची पुट्टी उत्तम. पॉलिश पेपर ४००, ८०० आणि १२०० क्रमांकाचे घ्यावेत आणि ते पाणी लावून वापरावेत, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

नळी सरळ कशी राखावी?

हा प्रश्न खऱ्या तोफा बनवणाऱ्यांनाही पडला होता. के-१२ या जर्मन तोफेची नळी ३३ मीटरहून लांब होती आणि स्वतःच्या वजनाने वाकू नये म्हणून तिला वरून पुलासारखे ताण द्यावे लागले होते. के-५ च्या नळीला तसे ताण नाहीत. ती एकटीच गाड्याच्या पुढे झेपावते. त्यामुळे तिच्यातील एक मिलिमीटरचा बाकही नजरेत भरतो.

माझी पहिली मोठी नळी प्लॅस्टिकची होती. दोन अर्धे भाग जोडून, घासून, गडद करड्या रंगात रंगवून मी ती एका मित्राला दाखवायला नेली आणि मे महिन्यातील दुपारी मोटारीच्या मागच्या काचेखाली ठेवून दोन तास विसरलो. परत आलो तेव्हा तिचे तोंड बोटभर खाली झुकले होते. गरम पाण्यात धरून ती सरळ करण्याचा प्रयत्न केला, पण जोडाची रेघ उघडली. सहा आठवड्यांचे काम गेले.

त्यानंतर मी पितळेकडे वळलो. के-५ च्या नळीचा आतला व्यास २८३ मिलिमीटर, म्हणजे १:३५ मध्ये ८.१ मिलिमीटर. बाजारात बाहेरून दहा आणि आतून आठ मिलिमीटरची पितळी नळी सहज मिळते. तीच गाभा म्हणून पूर्ण लांबीची घ्यावी. दुकानातच ती काचेच्या काउंटरवर लोळवून पाहावी. नळी आणि काच यांच्यामधून उजेडाची पट्टी कमी-जास्त होताना दिसली, तर ती परत करून दुसरी मागावी. दुकानदार कुरकुरला तरी हरकत नाही. या गाभ्यावर मागच्या बाजूला एकावर एक जाड नळ्या सरकवून अराल्डाइटने बसवाव्यात, पायऱ्या पुट्टीने भराव्यात आणि नळी फिरवत फिरवत घासून उतार साधावा. लेथवर एकसंध ॲल्युमिनियममधून कातून घेणे अधिक देखणे होते, पण एवढा लांब आणि बारीक तुकडा मध्ये आधार दिल्याशिवाय थरथरतो आणि त्यावर लाटा उमटतात. भोसरीच्या एका कारागिराने मला हे काम घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले, आणि त्यांचा सल्ला मी मानला.

नळीच्या आत १२ खाचा आहेत आणि गोळ्यावरही त्यांत बसणाऱ्या कडा असत. तोंडापासून १५ मिलिमीटरपर्यंत पॉलिस्टिरिनच्या बारीक पट्ट्या चिकटवून खाचांचा भास निर्माण करता येतो. मनगटी घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे बारा खुणा कागदावर काढून तो कागद नळीच्या तोंडावर धरावा, म्हणजे अंतरे समान राहतात.

सर्व चाके रुळांना टेकवायची कशी?

या प्रतिकृतीतील सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचे काम हेच. किट असो की स्वतः केलेले काम, बहुतेक प्रतिकृती येथेच फसतात.

आधी शब्दाचा खुलासा करतो. आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो. रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालचा, चाकांसह वळणारा सांगाडा. के-५ ला अशा दोन बोग्या आहेत, प्रत्येकीला सहा आस, म्हणजे एकूण २४ चाके. सहा आस एकाच ताठ सांगाड्यात घट्ट बसवले, की त्यांपैकी तीन किंवा चार चाके टेकतात आणि उरलेली केसाएवढी हवेत राहतात. तो केसाएवढा फरक पाहणाऱ्याला शब्दांत सांगता येत नाही, पण २१८ टनांची तोफ त्याला खोक्यासारखी पोकळ वाटते.

मी वापरलेली पद्धत अशी. काचवाल्याकडून आठ मिलिमीटर जाडीची मीटरभर काच कापून आणली आणि तीवर दोन रूळ ४१ मिलिमीटर अंतराने चिकटवले. बोगीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत आसांसाठी भोके पाडताना ती उभ्या दिशेने अर्धा मिलिमीटर लांबट ठेवली. सर्व चाके आसांवर बसवून बोगी रुळांवर ठेवली, प्रत्येक आसाच्या टोकाला हळू जमणारे अराल्डाइट सुईने भरले, आणि वर लोखंडी वजन ठेवले. अराल्डाइट जमायला तास-दीड तास घेते. तेवढ्या वेळात वजनाखाली प्रत्येक चाक आपापली जागा शोधते आणि तेथेच स्थिरावते. पाच मिनिटांत जमणारा प्रकार येथे वापरू नये. तो चाकांना ही सवड देत नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी. पीएमपीच्या बसचे तिकीट कात्रीने कापून त्याची बोटभर रुंद पट्टी करावी आणि ती एकेका चाकाखाली सरकवून पाहावी. तिकीट अडले तर चाक टेकले आहे, आणि अलगद पलीकडे गेले तर ते अधांतरी आहे. माझ्या मागच्या बोगीचे चौथे चाक डाव्या बाजूला असे अधांतरी निघाले. आस काढून, भोक पुन्हा मोकळे करून, सर्व सोपस्कार नव्याने करावे लागले. तिसऱ्या वेळी २४ ठिकाणी तिकीट अडले. त्या रात्री मी तोफेवर बाकी काहीच केले नाही, केवळ तिच्याकडे पाहत बसलो.

प्रतिकृतीला वजन भरावे का?

भरावे, आणि त्याचा हिशोब सोपा आहे. लांबी ३५ पटीने घटली की घनफळ आणि वजन ३५ च्या घनाने, म्हणजे ४२,८७५ पटीने घटते. २१८ टनांना या आकड्याने भागले की पाच किलोंपेक्षा थोडे अधिक उत्तर येते. १:७२ मध्ये तेच ५८० ग्रॅमच्या आसपास भरते. तेवढे वजन पूर्ण भरलेच पाहिजे असे नाही, पण निम्मे भरले तरी तोफ रुळांवर बसल्यासारखी बसते. टायरच्या दुकानांत चाकांचे संतुलन साधण्यासाठी वापरलेली जुनी वजने मिळतात, ती तोफगाड्याच्या पोकळीत दोन्ही बोग्यांच्या बरोबर वर बसवावीत. वजने शिशाची असल्यास ती अराल्डाइटनेच चिकटवावीत. पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये शिसे हळूहळू गंजते, फुगते आणि वर्षा-दोन वर्षांत कप्पा फाडते. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि हे काम मुलांना देऊ नये.

हजारो रिव्हेट (पत्रे जोडणारे गोल डोक्याचे खिळे) कसे दाखवावेत?

पाव मिलिमीटरच्या पत्र्यावर मागून टोक दाबून. शिंप्याकडे कापडावर खुणा करायचे दातेरी चाक असते. ते पट्टीला टेकवून फिरवले, तर एकसारख्या अंतरावर ठिपके उमटतात. फार खोल दाबू नये. हे काम संथ आहे, पण अवघड नाही.

रंग कोणता द्यावा? पावसाळ्यात रंगकाम करावे का?

आधी वर्ष ठरवावे. फेब्रुवारी १९४३ पर्यंत जर्मन लष्करी सामग्रीचा मूळ रंग गडद करडा होता. त्यानंतर गडद पिवळा हा मूळ रंग ठरला आणि त्यावर हिरवे व तांबूस तपकिरी पट्टे देण्याची पद्धत आली. इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यावरील १९४० ची तोफ करायची असल्यास करडा रंग योग्य. अँझिओची करायची असल्यास पिवळ्यापासून सुरुवात करावी. लहान आकारावर मूळ छटा नेहमी अधिक गडद दिसते, म्हणून तीत थोडा पांढरा मिसळावा.

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा ओली असते. त्या दिवसांत लॅकर जातीचा रंग फवारला, की थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी साय येते. असे झाल्यास घासू नये. कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला, की बहुधा साय विरते. एप्रिल-मे मध्ये उलट अडचण येते, कारण रंग पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच वाळतो आणि हात फिरवल्यावर खरखरीत लागतो. माझे सर्व मोठे रंगकाम दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतच्या काळात झाले आहे.

गंज आणि मळ किती दाखवावा?

नळीवर जवळजवळ नाहीच. ही तोफ तिच्या चमूने जिवापाड जपलेली असे. मळ खाली, चाकांपाशी असतो. पुणे स्टेशनच्या फलाटावर उभे राहून मालगाडीच्या चाकांकडे नीट पाहावे. चाकाचा रुळाला लागणारा भाग आरशासारखा चकचकीत, त्याच्या शेजारचा भाग ब्रेकच्या भुकटीने तांबूस, आणि आसाच्या टोकाशी ग्रीसने काळाभोर. हे तीन रंग एकाच वीतभर जागेत असतात. चकचकीतपणासाठी चांदीचा रंग वापरण्याऐवजी पेन्सिलीतील ग्रॅफाइटची पूड बोटाने चोळावी; ती पोलादासारखीच गडद चमकते.

खाली रूळ सरळ टाकावेत की वळणाचे?

तोफ प्रवासात दाखवायची असल्यास सरळ. मारा करताना दाखवायची असल्यास वळण द्यावे, कारण त्यामागे कारण आहे. नळी गाड्यावरच डावी-उजवीकडे जेमतेम एखादा अंश वळत असे. त्याहून अधिक दिशा बदलायची तर संपूर्ण तोफ वळणाच्या मार्गावर इंजिनाने पुढे-मागे सरकवत, किंवा खास फिरत्या तबकडीवर चढवत. गोळा नळी आडवी असताना भरला जाई आणि मग नळी ५० अंशांपर्यंत उचलली जाई. २५५ किलोंचा गोळा ६० किलोमीटरहून पुढे जात असे. पुण्याहून लोणावळा लोकलने जेवढे अंतर आपण दीड तासात कापतो, साधारण तेवढे.

खडीसाठी बांधकामावरील क्रश सँड चहाच्या गाळणीने चाळून घ्यावी. दीड मिलिमीटरचा खडा १:३५ मध्ये बरोबर दिसतो. आपला दगड काळा बेसॉल्ट आहे, म्हणून त्यावर फिकट करडा रंग फवारावा, अन्यथा तोफ इटलीत नव्हे तर घोरपडी यार्डात उभी असल्यासारखी वाटते.

संहाराचे यंत्र घरात का ठेवावे?

हा प्रश्न माझ्या आईने पहिल्यांदा विचारला, आणि तो योग्यच आहे. या तोफा नात्सी राजवटीसाठी बनल्या. त्यांच्या माऱ्याने अँझिओच्या किनाऱ्यावर सैनिक मेले; इंग्लिश खाडीपलीकडच्या डोव्हर भागातील सामान्य नागरिकही जर्मन तोफांना बळी पडले. क्रुप कारखान्यात सक्तीने राबवलेल्या मजुरांबद्दल आल्फ्रीड क्रुप यांना १९४८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे शिक्षा झाली. हे सर्व माहीत असूनही मी ती बनवली, कारण त्या काळाची खरी मापे हाताखाली आल्यावर मला तो इतिहास पूर्वीपेक्षा अधिक समजला.

यात मराठी माणसाचाही एक धागा आहे. लिओपोल्ड पकडली गेली त्यानंतर साधारण महिन्याभराने, १० जुलै १९४४ रोजी, त्याच इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली आणि प्राण दिले. सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी असाच पराक्रम केला. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझ्या प्रतिकृतीच्या पाटीवर तोफेच्या मापांखाली ही दोन नावे आणि या दोन तारखा कोरलेल्या आहेत.

तयार तोफ कोठे ठेवावी आणि कशी न्यावी?

काचेच्या पेटीत, ऊन न पडणाऱ्या भिंतीशी. नळी आडवी ठेवावी आणि तोंडापासून एक तृतीयांश अंतरावर पारदर्शक ॲक्रिलिकचा आधार द्यावा. पेटीच्या कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती दर पावसाळ्याच्या आरंभी बदलावी. धूळ काढायला रुंद मऊ कुंचला वापरावा आणि तो नेहमी मागून पुढे, नळीच्या दिशेने फिरवावा. आडवा फिरवला की बाजूचे कठडे तुटतात.

नेताना नळी, गाडा आणि दोन बोग्या असे चार भाग सुटे होतील अशी रचना पहिल्यापासूनच करावी. माझ्या तोफेची नळी दोन स्क्रूंवर बसते आणि ती आता ड्रेनेजच्या पीव्हीसी पाइपमध्ये, सुती कापडात गुंडाळून, मोटारीत मागच्या काचेखाली नव्हे तर पायांपाशी ठेवून प्रवास करते.